पेडलचं रबर

4 लाख बाजूला काढले आणि बायकोला सांगितलं की सेकंडहॅण्ड स्पोर्ट्स कार घ्यायचीय, तर तिनं मेथी निवडता निवडता मान वर न करता दोन अटी घातल्या. मागं दोन पोरं बसली पाहिजेत आणि डिकीत गॅसचा सिलिंडर मावला पाहिजे. वय काय तुझं, पळवणार कुठं, असलं काही विचारलं नाही, त्यामुळं मी पण सिलिंडर आपण घरपोच घेतो याची आठवण करून दिली नाही.

घरात एक गाडी आहे. पांढरी, उंच, ऑटोमॅटिक. खरं सांगायचं तर ती गाडी नाहीच, लिफ्ट आहे. सकाळी आत बसायचं, दार लावायचं, हिंजवडीला उतरायचं. तक्रार नाही माझी तिच्याबद्दल, पण गेल्या 5 वर्षांत मी कुठूनतरी घरी येऊन किल्ली खुंटीला लावायच्या आधी खिडकीतून खाली वाकून तिच्याकडं एकदा बघितलंय असं झालेलं नाही, आणि ज्यांना गाडी आवडते त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

आता स्पोर्ट्स कार म्हणजे काय. तिकडं परदेशात हा प्रश्न सोपा आहे, बजेट कमी असेल तर जुनी माझदा एमएक्स-5 घ्या, विषय संपला. 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली, दोन सीट, 1.6 लिटरचं इंजिन, पुढं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, वजन टनाच्याही आत. 2016 पर्यंत 10 लाख गाड्या बनवून झाल्या त्यांच्या. ती गाडी करणारे जपानी लोक एक शब्द वापरतात, जिन्बा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडं ती कधी अधिकृतपणे विकलीच नाही, आणि बाहेरून जुनी आणावी म्हटलं तर 3 वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही आणि आणता येते तिच्यावर ड्युटी इतकी की त्यात कोथरूडला नसला तरी कुठंतरी वन आरके बुक होईल. त्यामुळं आपल्याकडं स्पोर्ट्स म्हणजे साध्याच गाडीला लाल धाग्याची शिलाई, मागं स्पॉयलर आणि पेडलवर ॲल्युमिनियमची पट्टी. त्या पट्टीबद्दल पुढं येतंच आहे.

पण घोड्याचाच विषय काढायचा तर आपल्याकडं अरबी घोडे कधी पैदा होत नव्हते, आपल्याकडं होती भीमथडीची तट्टं. बुटकी, काटक, काय मिळेल ते खाऊन डोंगर चढणारी. आणि त्यांनी यमुनेचं पाणी पिऊन दाखवलं. मी शोधत होतो ते हेच, फक्त हे कळायला मला 4 महिने आणि पेट्रोलचे 20-22 हजार लागले.

आमच्या पिढीला माहितीये, या बाबतीत एक काळ बरा होता. 2000 च्या आसपास होंडा सिटीमध्ये 1.5 व्हीटेक इंजिन आलं, 106 हॉर्सपॉवर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखाद्याच्या बापाची ती गाडी आली की आम्ही बॉनेटला हात लावून यायचो. फोर्ड आयकॉन 1.6 ला तर जाहिरातीतच जोश मशीन म्हणायचे. 2001 ला फियाटची पॅलिओ, तिच्या 1.6 ला 100 हॉर्सपॉवर, हॅचबॅकला 100 म्हणजे त्या वेळी चेष्टा नव्हती, आणि ती गाडी बनायची कुर्ल्यात, मुंबईच्या पोटात. सचिनच्या नावाची एस10 पण काढली होती त्यांनी. त्यानंतर स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस, 1.8 टर्बो, 150 हॉर्सपॉवर.

मग हे सगळं गेलं कुठं? माझ्या मते निम्मं 2006 च्या बजेटमध्ये गेलं. त्या वर्षी सरकारनं ठरवलं की गाडी 4 मीटरच्या आत असेल आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, तर एक्साइज 24 टक्क्यांवरून 16. झालं. 1.3, 1.4, 1.6 इंजिन लहान गाडीत घालणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. सगळे 1.2 वर आले. ती रेषा अजून तशीच आहे बरं का, 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला तेव्हा पण 1200 च्या आत 18 टक्के आणि वर गेलं की 40. म्हणजे लहान गाडीत मोठं इंजिन ही जी स्वस्तातल्या मजेची जगभरची रेसिपी आहे ती आपल्याकडं कागदावरच मारली गेली, त्यामुळं जे काही आहे ते जुन्या बाजारातच आहे किंवा मग लहान इंजिनाला टर्बो लावलेल्यांमध्ये.

तर एक एक्सेल शीट केली. मग अण्णांना फोन केला.

अण्णा म्हणजे माझे वडील. 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर, कराड आणि पाटण डेपो, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे, आईच्या फोटोशेजारी. शीट वाचून दाखवली, हॉर्सपॉवर, टॉर्क, शंभरला किती सेकंदात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. बघायला जाशील तवा मला घिऊन जा."

पहिली बघितली ती ऑक्टाव्हिया आरएस. शहर सांगत नाही, डीलर सांगत नाही, काचेचं ऑफिस होतं आणि पाण्याची बाटली थंड दिली एवढं सांगतो. लाल रंग, दिसायला अशी की मी गेटमध्येच विकला गेलो होतो. मीटरवर 62 हजार. पोरगा सांगत होता, सर डॉक्टरची गाडी, संडे टू संडे. (महाराष्ट्रातली निम्मी जुनी वाहनं डॉक्टरांची कशी काय असतात, आणि इतके डॉक्टर फक्त रविवारीच बाहेर पडत असतील तर ओपीडी चालवतं कोण.) मी बॉनेट उघडून टर्बोचे पाइप बघत होतो, जणू काही मला कळतंय. अण्णा ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवे बसले होते आणि आत हात घालून क्लचच्या पेडलवर बोट फिरवत होते.

"हितं ये," म्हणाले. "बघ."

पेडलला रबराची टोपी असते, तिच्यावर आडव्या रेघा असतात. क्लचच्या रबरावर उजव्या बाजूच्या रेघा पार गुळगुळीत, आणि एका कोपऱ्यात रबर फाटून खालचं लोखंड चमकत होतं. खाली मॅटवर टाच टेकते तिथं वाटीएवढा खड्डा. "62 हजारात ह्ये हुत न्हाई," ते म्हणाले, "दीड लाखाच्या खाली नसंल. मीटर मागं घेता येतंय, पाय मागं घेता येत न्हाई." मग परत येताना वडापाव खाता खाता त्यांनी पुढचा भाग सांगितला, की रबर झिजलेलं असेल तर एकवेळ ठीक, पण जुन्या गाडीला कोरं करकरीत रबर दिसलं किंवा वरून चकचकीत पट्टी मारलेली दिसली तर जास्त भ्यायचं, कारण बदलणाऱ्याला काय झाकायचंय ते माहीत असतं.

त्यानंतर मी पण हळूहळू शिकलो. गेल्या गेल्या बॉनेटवर तळवा ठेवायचा, गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ कसा लागतो ते त्याला दाखवायचं नाहीये. टायरवर चार आकडे असतात, 2316 असेल तर 2016 चा 23 वा आठवडा, आणि स्टेपनीचा आकडा आणि गाडीचं वय जुळलं की बरं वाटतं. बॉनेटच्या आणि फेंडरच्या नटांवरचा रंग उडालाय का, म्हणजे पाना लागलाय का. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा, ओल आणि गंज तिथं लपतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. हे सगळं कुठंही वाचायला मिळतं. पेडलचं कुठं वाचायला मिळालं नव्हतं मला.

दुसरी पोलो जीटी टीएसआय, 2014 ची, निगडीत. 1.2 टर्बो, 105 हॉर्सपॉवरच्या आसपास, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे गिअर आपले आपणच बदलणारा. हिच्यात खोट काढायला जागा नव्हती, पहिला मालक, सगळी बिलं, गाडी चाकणची म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावरची पैदास. तळवडे रोडला थोडी मोकळी जागा मिळाली तिथं दाबली तर पाठ सीटला चिकटली आणि गिअर कधी पडले कळलं पण नाही. उतरल्यावर मी अण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पन तुला काय इचारत न्हाई ती."

मला राग आला. 4 लाख 20 मागत होता तो, मी 4 ला तोडलं असतं. पण रात्री झोपताना ते वाक्य डोक्यात बसलं, कारण मला आठवत होतं ते फक्त पाठ चिकटली एवढंच, मी काय केलं हे काहीच आठवत नव्हतं. पाय दाबला. पाय तर मी लिफ्टमध्ये पण दाबतो. आणि त्या जातीच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सचं काम वॉरंटीनंतर निघालं तर किती लागू शकतात हे गॅरेजवाल्या मित्रानं सांगितलं तेव्हा उरलेला राग पण गेला.

मग अबार्थ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2015 मध्ये फियाटनं पुंटोला 1.4 टी-जेट टर्बो 145 हॉर्सपॉवर करून बसवलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक, विंचवाचा बिल्ला, आणि किंमत ठेवली 10 लाखांच्या 5 हजार खाली. बनायची आपल्या रांजणगावला. 2019 ला फियाटनं गाशाच गुंडाळला, त्यामुळं आता ज्यांच्याकडं आहेत ते सोडत नाहीत आणि सोडतात ते माझ्या बजेटच्या दुप्पट सांगतात. एका ओळखीच्या पोरानं साताऱ्यात नुसती चालवायला दिली, म्हणाला काका चालवून तर बघा. काका.

वाईहून पसरणी घाट चढलो. स्टेअरिंग हायड्रॉलिक, जड, हातात खरबरीत रस्ता कळतो, आणि अडीच हजार आरपीएमच्या वर टर्बो उठला की हसूच येतं, खोटं कशाला बोलू. पण घाटात किती वेळ? दुसऱ्यात दाबली, एक-दोन सेकंद, की पुढचं वळण, पुढं स्ट्रॉबेरीचा टेम्पो, त्याच्यापुढं गुजरातची बस. 145 पैकी मला 145 मिळाले असतील ते सगळे मिळून पाव मिनिट. बाकी वेळ मी तिला आवरतच होतो. मोठ्या घरचा कुत्रा फिरायला नेल्यासारखं. आणि प्रत्येक गतिरोधकाला पोटाखालून जो आवाज येतो ना, आपल्या महाराष्ट्रातले गतिरोधक हे एक वेगळं प्रकरण आहे, गावातल्या प्रत्येक सरपंचाला आपल्या कारकिर्दीची आठवण डांबरात ठेवायची असते, तो आवाज ऐकला की बिल्ल्यावरचा विंचू आपल्यालाच डसतो.

किल्ली परत देताना मन जड झालं हे खरं. अजून पण कुठं दिसली तर मान वळते.

अण्णा त्या दिवशी नव्हते. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "घाटात दुसरा-तिसरा दोनच गिअर. त्यात जी गाडी पुरी चालती ती गाडी."

इथून पुढं एक्सेल शीट बंद केली आणि उलटा विचार सुरू झाला. वजन कमी. टर्बो नको, बिघडायला तेवढंच एक कमी. हातानं टाकायचा गिअर. पार्ट तालुक्याला मिळाले पाहिजेत. आणि 4 लाखांतले निम्मेच गाडीला घालायचे, निम्मे तिला जाग्यावर आणायला ठेवायचे, हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं पण 4 महिने जुन्या गाड्या चालवून कळलं की 15 वर्षांची कुठलीही गाडी तुम्ही चालवता तेव्हा ती गाडी चालवत नसताच, तिचे मेलेले बुश आणि बसलेले शॉकअप चालवत असता आणि म्हणता की गाडी ढिली आहे. या सगळ्या चाळणीतून जी खाली पडली ती बघून मला स्वतःलाच जरा कमीपणा वाटला. स्विफ्ट. पहिल्या पिढीची पेट्रोल, 2005 ला आलेली, 1.3 लिटर, 87 हॉर्सपॉवर, वजन साधारण टनभर. 2010 ला त्याच टॅक्सच्या भानगडीत तिच्यात 1.2 आलं, त्याच्या आधीची.

मिळाली उंब्रजच्या पुढं एका गावात, 2008 ची झेडएक्सआय, म्हणजे वरचं मॉडेल, एमएच 11, मालक रिटायर्ड मास्तर. मीटरवर 1 लाख 12 हजार. बॉनेट गार. मास्तरांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, त्यात वर्षवार बिलं, प्रत्येकावर शाईनं किलोमीटर लिहिलेले. 15 वर्षं झाल्यावर रिपासिंग पण स्वतः जाऊन करून आणलेलं, 5 हजार फी भरून, म्हणाले 2022 च्या एप्रिलआधी हेच 600 रुपयांत होत होतं, आणि हे त्यांनी माझ्याकडं असं बघून सांगितलं जणू मीच वाढवली. अण्णा ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवे बसले. बोट फिरवलं. रबर झिजलेलं होतं, तीन बाजूंनी सारखं, फाटलेलं नव्हतं.

"मास्तर, तुमी आर्ध्या क्लचवर पाय ठिवत न्हाई."

"आमच्या भावजींनी शिकवलं तेव्हा पट्टी मारायचे गुडघ्यावर," मास्तर म्हणाले.

पुढचा तासभर दोघं कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण कुठं होतं यावर बोलत बसले आणि मी एकटाच गाडी चालवून आलो. व्यवहार 1 लाख 65 ला ठरला. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, फॉर्म 30, मास्तरांच्या सह्या शाळेच्या दाखल्यावर करतात तशा.

मग उरलेले पैसे. चारही शॉकअप, लोअर आर्मचे बुश, इंजिनचे माउंटिंग, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट. पेट्रोलचे जुने रबरी पाइप मिस्त्रीनं सांगून बदलायला लावले कारण आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं आणि त्या काळची रबरं त्यासाठी बनवलेली नाहीत. आणि टायर. इथं मात्र मी ऐकलं नाही कुणाचं, कंपनीचीच साइज ठेवली, 185/70 आर 14, पण त्यात मिळतील तितके चांगले घेतले. रस्त्याला गाडीचं फक्त चार तळव्यांएवढं रबर टेकतं, आपण 20 हजाराची म्युझिक सिस्टम लावतो आणि टायरला 800 रुपये वाचवतो. सगळं मिळून 92 हजार झाले. म्हणजे एकूण 2 लाख 57. उरलेले कुठं गेले ते बायकोला माहितीये, मला नाही.

सोसायटीत आणली त्या दिवशी वॉचमन खिडकीत वाकून म्हणाला, "कुनाला सोडायचंय? फ्लॅट नंबर बोला."

पहिल्याच रविवारी गावाकडं गेलो आणि अण्णांना घेऊन कुंभार्लीला निघालो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, पुढं रस्ता वळायला लागला. 87 घोडे, टर्बो नाही, त्यामुळं तिला पळवायची तर वरच्या आरपीएमला ठेवावी लागते, वळणाच्या आधी दुसरा टाकायचा, तो नीट बसला तर इंजिन एकदम स्वर लावतं, नाही बसला तर गाडी मुंडी हलवते आणि चूक कुणाची ते लगेच कळतं. वेग बघितला तर 48. पोलोत मी 48 ला जांभई दिली असती. इथं हाताला घाम होता. उतारावर मी एका वळणाला ब्रेकवर जास्त टेकलो तर डावीकडून नुसतं "हं" आलं. दुसऱ्या वळणाला परत "हं". तिसऱ्याला मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, मग तुम्हीच चालवा.

74 वय आहे. लायसन्स चालू आहे, आधीच सांगतो.

सीट पुढं ओढली, आरसा खाली केला, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का दोनदा हलवून बघितलं. आणि मग निघाले ते, काय सांगू. ब्रेकला जवळजवळ पाय नाही. प्रत्येक वळणाआधी क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून एक्सिलेटरला छोटी टिचकी, परत क्लच आणि खालचा गिअर. डबल क्लच. एसटीच्या जुन्या लेलँडला तो मारावाच लागायचा, नाहीतर गिअर दातओठ खायचा. स्विफ्टला त्याची काही गरज नाही पण पाय ऐकतोय कुठं, 31 वर्षांची सवय आहे, आणि मजा अशी की तसा टाकलेला दुसरा गिअर इतका मऊ बसत होता की माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली हलली नाही. वळणं त्यांना पाठ होती. कुठं रस्ता आत झुकलाय, कुठं दरीकडं, कुठं समोरचा दिसत नाही म्हणून हॉर्न, कुठं दिसतो म्हणून नाही. एका ठिकाणी नकळत माझा हात वरच्या हँडलला गेला.

"अण्णा, जरा हळू."

"गप बस. पोफळीचं टायमिंग चुकंल."

पोफळीला चहाच्या टपरीसमोर थांबवली. इंजिनला मिनिटभर चालू ठेवलं, मग बंद केलं, पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला. मी चहा सांगायला उतरलो. मागं वळून बघितलं तर ते गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायरना बुटाची ठोकर देत होते, मग रस्त्याच्या कडेला जाऊन दोन-तीन दगड हातात घेऊन बघितले, त्यातला एक निवडला आणि आणून माझ्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकाला लावला.